अश्वसंगोपनाचा अभ्यासक्रम : खानदेशातील विद्यार्थ्याने तो निवडावा कसा आणि शिकावा कसा

घोड्यांची निगा आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या व्यवसाय महाविद्यालयाची चौकशी करणारा आपल्याकडचा मुलगा पहिला प्रश्न बहुधा रपेटीचा विचारतो. किती महिन्यांत घोडा भरधाव सोडता येईल, नाचकाम शिकवतात का, हे त्याला आधी कळायला हवे असते. सारंगखेड्याच्या बाजारात लहानपणापासून घोडे पाहिलेल्या मुलाने असे विचारणे स्वाभाविक आहे. परंतु या अभ्यासक्रमात रपेटीला फार थोडी जागा असते. निरोगी घोडा कसा दिसतो हे इतके पाठ करायचे असते की तो बिघडू लागल्याचे मालकाच्या काही तास आधी आपल्या लक्षात यावे. प्रवेश घेण्यापूर्वी हे मान्य असेल तर पुढचे सगळे सोपे जाते. मान्य नसेल तर एखाद्या रायडिंग क्लबची फी भरणे अधिक बरे.

महाविद्यालय निवडताना इमारत आणि माहितीपत्रक बाजूला ठेवून थेट तबेला पाहावा, आणि तोही पहाटे साडेपाच ते सातच्या दरम्यान. त्या वेळी लीद कोण उचलते, पाण्याच्या हौदाला शेवाळ आहे का, घोडे माणूस जवळ येताच कान मागे पाडतात की तोंड पुढे करतात, हे दहा मिनिटांत कळते. मी स्वतः पहिल्यांदा जेथे प्रवेश घेतला, त्या संस्थेचे नाव घेत नाही, तेथे आम्ही चाळीस विद्यार्थी होतो आणि घोडे चार. त्यांतही एक कायम लंगडा. सहा महिन्यांत माझ्या वाट्याला खूर साफ करण्याची संधी मोजून अकरा वेळा आली. म्हणून एका घोड्यामागे किती विद्यार्थी, नालबंद किती आठवड्यांनी येतो आणि तो काम करत असताना विद्यार्थ्यांना जवळ उभे करतात का, घोडी विण्याच्या काळात रात्रपाळी लावतात का, तसेच तबेल्यातील जनावरांचे ग्लँडर्स या घोड्यांच्या सांसर्गिक रोगाच्या तपासणीचे अहवाल दाखवतात का, एवढे प्रश्न संकोच न करता विचारावेत. शेवटच्या प्रश्नावर ज्या संस्थेच्या कपाळाला आठी पडते, तेथून परतीची बस पकडावी.

प्रमाणपत्राचा अर्थही नीट समजून घ्यावा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो. अश्वसंगोपनाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याने सुया टोचण्याचा किंवा औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही, आणि तसे आश्वासन देणारी संस्था विद्यार्थ्याला उद्या अडचणीत आणणारी असते. आपले काम पशुवैद्यकाला बोलावण्याआधीचे आणि तो गेल्यानंतरचे आहे. परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, सोळाव्या वर्षानंतर हा विषय महाविद्यालयांत पद्धतशीरपणे शिकवला जातो आणि ग्लॉस्टरशायरमधील हार्टपरीसारखी महाविद्यालये त्यासाठी ओळखली जातात. आपल्याकडची बरीच पाठ्यपुस्तके तिकडच्या धर्तीवर लिहिलेली असल्यामुळे त्यांत घोड्याला थंडीत कोणती झूल घालावी यावर भरभरून लिहिलेले आढळते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या जळगाव-भुसावळच्या विद्यार्थ्याने ती पाने परीक्षेपुरती वाचावीत, आणि पत्र्याच्या छपराखाली बांधलेल्या घोड्याला वारा, सावली, मीठ आणि पाणी कसे पुरवायचे याची वेगळी वही करावी. सामान्य आकाराचा घोडा दिवसाला साधारण 25 ते 50 लिटर पाणी पितो. खानदेशी उन्हाळ्यात कामाच्या घोड्याचा आकडा वरच्या टोकाकडे जातो.

प्रवेशापूर्वी काही तयारी घरूनच करावी. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण त्या रोगाचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत हमखास असतात आणि हातांना खरचटणे तर रोजचेच असते. पायात टाच असलेले बंद बूट हवेत, चप्पल अजिबात नको. हेल्मेट स्वतःचे असावे. दोरखंड हाताच्या पंजाभोवती गुंडाळून धरण्याची सवय बहुतेक शेतकरी घरांतील मुलांना बैलांमुळे लागलेली असते, ती मोडावी. बैल ओढतो तेव्हा माणूस फरफटतो. घोडा बिचकून उसळतो तेव्हा बोट तुटते.

पहिल्या सहामाहीत खरे शिक्षण असते ते तीन आकड्यांचे. प्रौढ घोड्याचे विश्रांतीच्या वेळचे तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, नाडीचे ठोके मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतो. हे पाठ करायला पाच मिनिटे लागतात. नाडी सापडायला काही जणांना पंधरवडा लागतो. घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ, त्याला दिसेल असे आणि बोलत बोलत जावे. मग खालच्या जबड्याच्या कडेच्या आतल्या बाजूने बोटे फिरवावीत. तेथे पेन्सिलीएवढी जाड, बोटाखाली सरकणारी रक्तवाहिनी लागते. तिला हाडावर हलकेच दाबून धरावे, अंगठा वापरू नये, पंधरा सेकंद ठोके मोजून चारने गुणावे. मी पहिल्या आठवड्यात एका धडधाकट घोडीचे ठोके 64 नोंदवले आणि घाबरून शिक्षकांकडे धावलो. त्यांनी घोडीकडे न बघता मलाच विचारले की मी दार कसे उघडले होते. दार मी धाडकन उघडले होते. दहा मिनिटे शांत उभे राहून पुन्हा मोजले तेव्हा 36 आले. तेव्हापासून वहीत आकड्याशेजारी तो केव्हा आणि कशा स्थितीत घेतला हेही लिहितो. आकड्याबरोबर हिरडीही पाहावी: अंगठ्याने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा.

खरारा करणे, म्हणजे घोड्याचे अंग ब्रशने घासून साफ करणे, हे कंटाळवाणे काम समजले जाते. मला ते या शिक्षणाचे मर्म वाटते, कारण रोज त्याच क्रमाने हात फिरवणाऱ्यालाच पायाच्या नळीवरची कालची नसलेली ऊब आज जाणवते. खूर साफ करताना घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहावे, खांद्यापासून खाली हात सरकवत न्यावा आणि पाय उचलला की आकडीने टाचेकडून टोकाकडे घाण काढावी. तळव्याच्या मध्यभागी असलेल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही खाचांना वास येतो का पाहावे; कुजका वास म्हणजे तबेल्याची जमीन ओली राहते आहे. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाचा हात फिरला पाहिजे. नाल शाबूत दिसते म्हणून तीच पुढे ढकलत राहणे हा आपल्याकडचा नेहमीचा काटकसरीचा मार्ग आहे आणि त्याची किंमत गुडघ्याखालचे स्नायुबंध मोजतात.

चाऱ्याच्या विषयात खानदेशी विद्यार्थ्याची बाजू भक्कम असते आणि तीच घातकही ठरते. कडबा, बाजरीचे सरमाड, हरभऱ्याचे भूस, उसाचे वाढे यांची पारख त्याला घरीच झालेली असते. परंतु ती गाई-म्हशींची पारख असते. घोड्याचे जठर अंगाच्या मानाने लहान, फार तर 8 ते 15 लिटरचे असते. तो रवंथ करत नाही आणि त्याला उलटी करता येत नाही. चाऱ्याचे खरे पचन मागच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्मजंतूंच्या मदतीने होते, त्यामुळे चारा अचानक बदलला की तेथील सगळा कारभार कोलमडतो. कोणताही बदल सात ते दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा. बुरशी धरलेला मका किंवा कडबा बैलापुढेही टाकू नये. घोड्याच्या बाबतीत तर बुरशीचा मका थेट मेंदूवर घाला घालू शकतो. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार होते हे गुराख्यालाही ठाऊक असते. हिरव्या ज्वारीवर दीर्घकाळ चरलेल्या घोड्यांचे मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी ठिबकू लागते, हे मात्र गोठ्यात कोणी शिकवत नाही.

चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, किती द्यावी याचे उत्तर ‘दोन पायल्या’ असे नसून घोड्याच्या वजनात असते. गावात घोड्यासाठी वजनकाटा नसतो, म्हणून शिंप्याची टेप वापरावी. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे. घेर 170 आणि लांबी 150 असेल तर वजन सुमारे 365 किलो येते. रोजचा कोरडा आहार वजनाच्या सुमारे दोन टक्के धरला तर तो सव्वासात किलो होतो, आणि त्यातील किमान साडेपाच किलो वैरण असायला हवी. उरलेली चंदी एका वेळी न देता दोन-तीन वेळांत वाटावी. लग्नसराईत वरातीच्या घोडीला रात्री एकदाच भरपूर हरभरा घालून दिवसभर उपाशी उभे करणारे मालक पोटशूळाला आमंत्रण देतात. वर दोष मात्र नजर लागण्याला देतात.

पोटशूळाची लक्षणे परीक्षेत हमखास विचारतात: पुढच्या पायाने जमीन उकरणे, वरचा ओठ मुरडणे, लीद बंद होणे, वारंवार बसणे-उठणे, लोळणे. आमच्या गल्लीतील एक वृद्ध मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, ही सगळी यादी एका वाक्यात सांगत: “घोडं पोटकडे देखी ऱ्हायनं, आते डाक्टरले बलाव.” त्यांचे निरीक्षण पुस्तकाच्या तोडीचे होते. तरीही त्याच घरात डॉक्टर येईपर्यंत बांबूच्या नळकांड्याने गोडेतेल पाजण्याची रीत होती आणि ती सोडून द्यायला हवी, कारण वेदनेने तळमळणाऱ्या घोड्याच्या घशात ओतलेले तेल फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा असतो. समोरचा चारा काढून घ्यावा, इजा होणार नाही अशा जागी न्यावे, शक्य असल्यास हळू चालवावे, नाडी आणि शेवटच्या लिदीची वेळ लिहून ठेवावी आणि फोन करावा. पशुवैद्यकाला या दोन नोंदी मिळाल्या तर त्याचा अर्धा तास वाचतो.

अभ्यासक्रमात आपल्या काही समजुती खोट्या ठरतात, परंतु त्या सरसकट फेकून देऊ नयेत. भोवऱ्यांचे, म्हणजे अंगावरील केसांच्या चक्राकार वळणांचे, उदाहरण घ्यावे. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा, असेल तर किंमत चढते, डोळ्याखाली भोवरा असेल तर घोडा अशुभ म्हणून पडत्या भावात जातो. याला शरीरशास्त्रात काडीचा आधार नाही. परंतु भोवऱ्यांची जागा जन्मभर बदलत नाही आणि प्रत्येक घोड्यात ती वेगळी असते, म्हणून घोड्याच्या अधिकृत ओळखपत्रावरील आकृतीत त्या नेमकेपणाने दाखवाव्या लागतात. आजोबांबरोबर बाजारात भोवऱ्या शोधत फिरलेला मुलगा ही आकृती वर्गात सर्वांत आधी आणि बिनचूक काढतो.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी बाहेर जायची वेळ येते. पुण्याच्या परिसरातील स्टड फार्म आणि पुणे-मुंबईतील शर्यतींचे तबेले हे शिस्तीसाठी उत्तम. तेथे मुख्यतः थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचे घोडे असतात. मारवाडी आणि काठियावाडी या आपल्या बाजारात दिसणाऱ्या जातींचा शास्त्रीय अभ्यास करायचा असेल तर हिसार येथे 1985 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील परिसराची माहिती काढावी. दख्खनच्या भीमथडी घोड्याकडेही दुर्लक्ष करू नये. भटक्या मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारा हा काटक घोडा पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेला असतो.

सारंगखेड्याची यात्रा मात्र चुकवू नये. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमारास, तापीकाठी भरणाऱ्या या बाजारात एका दिवसात जेवढी तोंडे उघडून पाहता येतात तेवढी महाविद्यालयात दोन वर्षांत मिळत नाहीत. मालकाची परवानगी घेऊन पुढच्या दातांवरून वय ओळखावे: दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी जोडीजोडीने बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. त्यानंतर खालच्या दातांच्या माथ्यावरील खळगे झिजत जातात. हे खळगे कोरून म्हातारा घोडा तरुण करून विकण्याची कला जगभर जुनी आहे, म्हणून दातांचा आकार आणि झुकावही पाहावा. एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवावेत. नाकातून घट्ट, चिकट स्राव आणि पायाच्या आतील बाजूस गाठी किंवा जखमा असलेल्या जनावराला हात लावू नये, कारण ग्लँडर्स माणसालाही होतो. 2009 च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे आणि बाधित जनावराला दयामरण द्यावे लागते. बाजारातून घरी घोडा आणणारच असाल तर रक्ततपासणीचा अहवाल आधी मागावा, आणि आणल्यावर दोन-तीन आठवडे त्याला वेगळ्या दावणीला, वेगळ्या बादलीवर आणि वेगळ्या खराऱ्यावर ठेवून सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत उतरवावे.