सोलारिसवरचं एनएफएस बंद करताय? आधी क्लायंट, मग सर्व्हर

एनएफएस म्हणजे एका यंत्रावरच्या (सर्व्हर) फाइल्स नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रांना (क्लायंट) वाटणारी सेवा. जुन्या सोलारिस ८ किंवा ९ या युनिक्स प्रणालीवर ती बंद करायला एक स्क्रिप्ट पुरते. पण ती थेट चालवलीत, तर थोड्याच वेळात फोन सुरू होतील: “माझी स्क्रीन अडकलीय!” क्लायंटवरचं माउंट, म्हणजे सर्व्हरच्या डिरेक्टरीशी असलेली जोडणी, मुळातच ‘हार्ड’ असतं. सर्व्हर गेला तरी ते विचारतच राहतं, आणि डिस्कवरची जागा बघायला साधं ‘डीएफ’ मारलं तरी टर्मिनल गोठतं.

सर्व्हरवर नुसतं ‘शेअर’ मारा, कोणत्या डिरेक्टरी इतरांना वाटून दिल्या आहेत ते कळेल. कोणी माउंट केलंय ते ‘शोमाउंट -ए’ सांगतो, पण त्या यादीवर पूर्ण भरवसा नको. एनएफएसच्या आवृत्ती २ आणि ३ मध्ये सर्व्हर क्लायंटची आठवण ठेवत नाही. ती यादी म्हणजे माउंटडीची (माउंटच्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रोग्रामची) नोंदवही, आणि अचानक बंद पडलेल्या यंत्रांची नावंही तिच्यात तशीच राहतात.

आता प्रत्येक क्लायंटवर जा. माउंट काढणाऱ्या ‘यूमाउंट’नं ‘डिव्हाइस बिझी’ म्हटलं, तर ती जागा कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या ‘फ्यूझर -सीयू’ला माउंटची जागा द्या. प्रोसेसच्या नंबरापुढे ‘सी’ दिसला की समजा, कुणाचं तरी शेल त्याच डिरेक्टरीत बसलंय. बहुतेक वेळा ते आपलंच असतं. ‘सीडी /’ करा, पुन्हा यूमाउंट करा. ऑटोमाउंटर (गरज पडताच आपोआप माउंट करणारा) असेल तर आधी त्याची सेवा ऑटोएफएस थांबवा, नाहीतर कुणी त्या वाटेला गेलं की माउंट परत हजर. व्हीएफएसटॅबमधली, म्हणजे बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीतली, ओळही काढा.

मग सर्व्हरवर ‘अनशेअरऑल’ आणि इनिट डॉट डीमधली ‘एनएफएस डॉट सर्व्हर’ स्क्रिप्ट ‘स्टॉप’ देऊन चालवा. चालू सेवांची यादी देणाऱ्या ‘आरपीसीइन्फो -पी’ मध्ये १००००३ आणि १००००५ हे क्रमांक दिसेनासे झाले, म्हणजे एनएफएसडी (फाइल्स पुरवणारा प्रोग्राम) आणि माउंटडी गेले. फाइल-लॉक सांभाळणाऱ्या लॉकडी आणि स्टॅटडीला हात लावू नका. हे यंत्र स्वतः दुसऱ्या कुणाचं क्लायंट असेल तर ते लागतात.

डीएफएसटॅबमधल्या (काय वाटायचं त्या यादीतल्या) ओळींच्या सुरुवातीला # टाका. वाटण्यासारखं काही नसलं की बूट होताना ती स्क्रिप्ट एनएफएसडी सुरूच करत नाही.

सर्व्हर आधीच बंद करून बसलात? तो पुन्हा चालू करा. अडकलेली कामं बहुतेकदा जिथे थांबली तिथून पुढे सरकतात. ते शक्यच नसेल, तर सोलारिस ८ पासून जबरदस्तीनं माउंट काढणारं ‘यूमाउंट -एफ’ आहे. त्यात न लिहिलेला डेटा जातो, तेव्हा आधी वापरणाऱ्याला विचारा.