छापलेला फोटो काळपट येत असल्यास आधी मॉनिटर तपासावा
पडद्यावर लख्ख दिसणारा फोटो छापून आल्यावर काळपट वाटला, तर दोष बहुधा छपाईचा नसून मॉनिटरच्या ब्राइटनेसचा असतो. नवे मॉनिटर बरेचदा २५० निट्सच्या (निट हे पडद्याचा उजळपणा मोजण्याचे एकक) आसपास किंवा त्याहूनही प्रखर लावलेले येतात. छपाईसाठी फोटो सुधारताना मात्र ८० ते १२० निट्स पुरतात. मोजण्याचे उपकरण जवळ नसल्यास मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून, ‘नाइट लाइट’ (पडदा पिवळसर करणारी सोय) आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस बंद करून, पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि शेजारी खोलीतल्या नेहमीच्या उजेडात कोरा कागद धरून दोन्हींचा उजळपणा साधारण सारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा. मग शुद्ध काळ्यावर १५ मूल्याचा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) करडा चौकोन काढून तो जेमतेम ओळखू येतो ना, हे पाहावे. रंगांसाठी मात्र कॅलिब्रेटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवणारे उपकरणच हवे, कारण डोळा चुकीच्या छटेलाही पटकन सरावतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद भाग किती (डावीकडे) आणि उजळ भाग किती (उजवीकडे) हे दाखवणारा आलेख, मॉनिटरच्या ब्राइटनेसवर अवलंबून नसतो. दुपारच्या उन्हातल्या फोटोचा आलेख सगळा डावीकडे गोळा झालेला दिसला, तर डोळ्यांपेक्षा त्यावर विश्वास ठेवावा. दिवाळीतल्या पणत्यांच्या फोटोचा आलेख मात्र डावीकडेच झुकणार. तो ओढूनताणून मध्यावर आणू नये.