नेपाळमधल्या मुलींच्या बालगृहात सेवेला जायचं असेल तर

चर्चमधली उपासना संपली की मंडळीतली एखादी तरुण मुलगी मला बाजूला घेऊन विचारते, "मावशी, मलाही नेपाळला जायचंय. काय काय करावं लागतं?" मी अहमदनगरला मुलींच्या वसतिगृहात सव्वीस वर्षं रेक्टर होते. निवृत्तीनंतर दोनदा काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरमध्ये मुलींच्या एका बालगृहात राहिले. पहिल्या खेपेला दीड महिना, दुसऱ्या खेपेला पाच महिने. त्या मुलींना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी माझ्या पणजीचं सांगते, कारण तिची गोष्ट मला तिकडे फार उपयोगी पडली. १८९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या अनाथ मुली आणल्या, त्यांतली ती एक. केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. तिथे परदेशातून बायका सेवेला येत. काही येऊन बघून जात, काही मराठी शिकून आयुष्यभर राहत. आजी सांगायची, पणजीला म्हातारपणी येऊन गेलेल्या पाहुण्यांतलं एकही नाव आठवत नसे. आठवायची ती रोज सकाळी तिची वेणी घालणारी बाई. तुम्ही तीन-चार महिन्यांसाठी जाणार असाल तर तुम्ही ती बाई नाही आहात. ती बाई तिथे आधीच आहे, तिला तिथे दिदी म्हणतात, आणि तुम्ही तिच्या हाताखाली जाताय.

हे मला पहिल्या खेपेला कळलं नव्हतं. मी बॅग भरून रिबिनी, क्लिपा, कानातली नेली. आठ वर्षांची एक मुलगी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायची आणि मला वाटायचं, देवाने मला हिच्यासाठीच इथे आणलं. दीड महिन्याने मी निघाले. नंतर दिदीने फोनवर सांगितलं की पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिची आई ती चार वर्षांची असताना तिला सोडून गेली होती, मी दुसरी. ते आजही मनाला लागून आहे. पुढचं सगळं त्याच दुखण्यातून शिकलेलं आहे.

घर कसं निवडायचं

गरिबी एवढ्या एकाच कारणावरून मुलाला घरापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. नेपाळच्या २०१८च्या बालकांविषयीच्या कायद्यातही आधी नातेवाईक, मग दुसरं कुटुंब, आणि बालगृह शेवटी, असाच क्रम आहे. तरीही तिथल्या बालगृहांत आई किंवा वडील हयात असलेली मुलं खूप आहेत. शिक्षणाच्या आशेने गावाकडच्या माणसांनी लेकरं दलालाच्या हवाली केली आणि ती "अनाथ" म्हणून पर्यटकांपुढे उभी केली गेली, असं तिथे घडलेलं आहे. आपल्या दानाने आणि आपल्या सेवेच्या हौसेनेच हा बाजार चालतो, हे ख्रिस्ती माणसाने नीट समजून घ्यायला हवं.

म्हणून संस्थेला पत्र लिहाल तेव्हा सरळ विचारा: मुली किती? किती जणींचे आईवडील आहेत? ते शेवटचे कधी भेटून गेले? गेल्या दोन वर्षांत किती मुली घरी परतल्या? सरकारी नोंदणी कुठे आहे? चांगली माणसं या प्रश्नांनी चिडत नाहीत. मी राहिले ते बालगृह चालवणाऱ्या ताईंनी तर उलट मलाच तीन पानांची प्रश्नावली पाठवली आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पाळकांचं पत्र, आधीच्या नोकरीतल्या दोघांची नावं मागितली. हे तपासल्याशिवाय जे घर तुम्हाला मुलींच्या खोलीत जाऊ देईल, ते उद्या कोणालाही जाऊ देईल. तिथे जाऊच नका. एका ठिकाणी मी नुसती बघायला गेले होते. चहा यायच्या आत मुलींना रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावलं, आणि एका आठवड्याचा दर मला कागदावर लिहून दिला. मी पाणीसुद्धा न पिता उठले.

पंधरा दिवसच हातात असतील तर मुलींबरोबर राहण्याचा आग्रह धरू नका. हिशेब लिहा, शिवणयंत्रं दुरुस्त करा, दिदींना प्रथमोपचार शिकवा. तीही सेवाच आहे, आणि कोणाच्या काळजाला धक्का लावत नाही.

कागदपत्रं आणि तयारी

आपल्याला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. तुमच्या वयाला नुसतं आधार कार्ड चालत नाही. व्हिसा नाही म्हणजे सेवेला परवानगीची गरजच नाही, असं धरून चालू नका. तुमच्या राहण्या-कामाबद्दल संस्थेकडून लेखी घ्या. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, त्याला वेळ द्या. निघण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टायफॉइडची लस घेऊन टाका. लेकरांमध्ये राहायला जाताय. आपले शंभर रुपये म्हणजे तिथले एकशे साठ, हा दर ठरलेला आहे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. गरम कपडे भरपूर न्या, कारण डिसेंबर-जानेवारीत तिथे घरात शेकोटी नसते आणि फरशी बर्फासारखी लागते.

सगळ्यात मोठा गोंधळ तारखांचा. तिथे विक्रम संवत चालतो. मुलीच्या फाइलवर जन्म २०७१ लिहिलेला दिसेल. ढोबळ हिशेबाने सत्तावन्न वजा करा. औषधाचा डोस वयावर ठरतो तेव्हा ही वजाबाकी चुकून चालत नाही. मी वहीच्या पहिल्या पानावर तक्ताच करून ठेवला होता.

भाषेचं मात्र आपलं भाग्य आहे. लिपी देवनागरी, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून पाट्या वाचता येतात. जायच्या आधी दोन महिने रोज अर्धा तास नेपाळी शिका. इंग्रजीवर भागवू नका. लहान मुलगी रात्री घाबरून उठते ती इंग्रजीत रडत नाही.

दिवस कसा असतो

शाळा दहाची. त्याआधी डाळ-भात-तरकारीचं पूर्ण जेवण होतं, दुपारी खाजा म्हणून चिउरा, म्हणजे आपले पोहे, आणि संध्याकाळी पुन्हा डाळ-भात. तुमचं काम पहाटे पाच-साडेपाचला सुरू होतं: पाणी तापवणं, तांदूळ निवडणं, डबे, गणवेश, वेण्या. दिदीला विचारल्याशिवाय कुठलीही पद्धत बदलू नका. सव्वीस वर्षांचा अनुभव असूनही मी पहिला आठवडा फक्त भांडी घासली आणि बघत राहिले. त्या आठवड्यात जे दिसलं ते कोणी तोंडाने सांगितलं नसतं: कोणती मुलगी ताटात नेहमी एक घास ठेवते, कोणाला मागून हाक मारली की दचकते.

एक नवी आलेली मुलगी उशीखाली चिउरा लपवायची. मुंग्या झाल्या. मी असते तर रागावले असते, वसतिगृहात तसंच करायचे. दिदीने एक झाकणाचा डबा आणला, त्यात चिउरा भरला आणि तिच्या खाटेशी ठेवला: "हा तुझा. संपला की सांग." तीन आठवडे ती रोज झाकण उघडून बघायची. मग बघायचं विसरली.

शुक्रवारी दुपारी केस. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी, आणि उपासनाही शनिवारीच, त्यामुळे शुक्रवारी डोकी धुऊन घ्यावी लागतात. गच्चीवर उन्हात चटई टाकायची, तोरीचं तेल कोमट करायचं आणि फणी घेऊन बसायचं. उवांना तिथे जुम्रा म्हणतात, पण लिखांना लिखाच! हे कळल्यावर मुली इतक्या हसल्या की मराठीतले आणखी शब्द मागू लागल्या. पण आधी विचारायचं, "डोक्याला हात लावू का?" बालगृहात आलेल्या काही मुलींच्या अंगाला पूर्वी कोणी न विचारता हात लावलेला असतो. "नको" म्हणाली तर फणी तिच्या हातात द्यायची. अकरा वर्षांची एक होती, ती पाच आठवडे स्वतःच विंचरत राहिली. सहाव्या शुक्रवारी येऊन माझ्याकडे पाठ करून बसली. मी काही बोलले नाही. हात थरथरत होते, पण वेणी सरळ आली.

पाळीबद्दल थोडं सविस्तर सांगते. नेपाळच्या पश्चिमेकडच्या अछामसारख्या जिल्ह्यांत पाळीच्या दिवसांत बाईला गोठ्यात किंवा वेगळ्या झोपडीत झोपवायची छाउपडीची चाल आहे. थंडीने, धुराने, साप चावून तिथे मुली मेल्या आहेत. आता तो गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद, तीन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा झाला म्हणून मनातली भीती जात नाही. तिकडून आलेली मुलगी त्या चार दिवसांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबते. बाहेर बसणं आपल्याकडेही होतंच, त्यामुळे मला ते लगेच ओळखू आलं आणि मी भाषण द्यायला तोंड उघडणार होते. दिदीने मला नजरेने थांबवलं. भात ढवळता ढवळता तिने मुलीला हाक मारली, "मिठाची बरणी दे गं." मुलगी हलेना. दिदी पुन्हा म्हणाली, त्याच आवाजात. ती आत आली, बरणी दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, काहीतरी वाईट होईल याची वाट बघत. भात झाला, सगळ्या जेवल्या, कोणाला काही झालं नाही.

त्या रात्री मी एकटीने बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला. बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई आणि याईराची बारा वर्षांची मुलगी एकाच अध्यायात आहेत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण शेवटी प्रभू त्या मुलीला खायला द्यायला सांगतो, हे माझ्या लक्षात तेव्हा आलं.

विश्वास आणि कायदा

नेपाळच्या राज्यघटनेच्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई आहे. २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेच्या कलम १५८ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. तुमच्या एका उत्साही भाषणाने तिथल्या स्थानिक विश्वासणाऱ्यांचं सगळं घर बंद पडू शकतं. तुम्ही विमानात बसाल, मुली कुठे जातील?

पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच आहे. ज्या मुलीचं अन्न, अंथरूण, शाळेची फी आपल्या हातात आहे, ती आपल्याला "नाही" म्हणू शकत नाही. मग तिच्या "हो"ला काय अर्थ? तामांग जमातीच्या घरातली बौद्ध मुलगी असेल, हिंदू मुलगी असेल, दसैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, तिला घरी जाऊन टिका लावून घ्यायचा असेल, तर तिची बॅग भरायला मदत करा. आपली प्रार्थना आपण पहाटे करावी, मुलींची नावं एकेक घेऊन करावी. कोणी विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगावं. मला एकीने विचारलं, "तुम्ही इतक्या लांबून भांडी घासायला का आलात?" मी म्हटलं, "माझ्या पणजीला कोणीतरी सांभाळलं होतं."

हे मात्र पाळाच

मुलीबरोबर दार लावून एकट्या बसू नका. फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका, पाठमोरासुद्धा नको. एकीलाच भेट देऊ नका. आणलेलं सगळं दिदीच्या हवाली करा आणि वाटू द्या तिलाच. आपला नंबर मुलींना परस्पर देऊ नका.

एखाद्या रात्री एखादी मुलगी काही भयंकर सांगेल. तेव्हा "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. खोदून विचारू नका, धक्का बसल्याचं चेहऱ्यावर दाखवू नका. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा, तिचेच शब्द कागदावर उतरवा आणि त्याच दिवशी जबाबदार ताईंना द्या. घरातल्याच कोणाबद्दल तक्रार असेल आणि ती दाबली जात असेल, तर नेपाळमध्येही बाल हेल्पलाइनचा नंबर आपल्यासारखाच १०९८ आहे.

निघताना

जायचा दिवस पहिल्याच दिवशी सांगा. दुसऱ्या खेपेला मी भिंतीवरच्या पात्रोवर, म्हणजे तिथल्या कॅलेंडरवर, माझ्या परतीच्या तारखेला गोल केला आणि मुलींना दाखवला. आई म्हणू दिलं नाही. मावशी म्हणा, म्हटलं. आईची बहीण, जी येते आणि आपल्या घरी जाते. "पुन्हा येईन" असं म्हणू नका, हातात तिकीट असल्याशिवाय तर नाहीच. शेवटच्या महिन्यात आपली कामं एकेक करून दिदीकडे परत द्या. मी आधी अंघोळीचं पाणी सोडलं, मग अभ्यास, सर्वांत शेवटी वेण्या.

घरी आल्यावर मंडळी साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर अनुभव सांगायला, सांगेल. मुलींच्या कहाण्या सांगू नका, त्या त्यांच्या आहेत. दिदींच्या पगाराची गरज सांगा. मुलीला घरी परत पाठवल्यावर तिच्या फीला जे पैसे लागतात, त्यांची गरज सांगा. आमच्या महिला मंडळाने नाताळाचं स्टेज सजवायचं कमी करून दोन मुलींची फी उचलली आहे. दोघी आपापल्या गावी, आपल्या माणसांत राहून शिकताहेत.

शेवटच्या सकाळी मी बॅग दाराशी ठेवली होती. ती अकरा वर्षांची मुलगी गणवेशात आली आणि विचारलं, "भोलि माझा चुल्ठो कोण बांधणार?" उद्या वेणी कोण घालणार. मी म्हटलं, "दिदी." ती जरा विचारात पडली. "दिदी घट्ट बांधते," म्हणाली, आणि डबा उचलून शाळेला गेली.