एकरूप आणि समशेष: अभ्यासाला बसण्याआधी

इंग्रजीत दोन्हींना काँग्रुअन्सच म्हणतात. मराठीत नशिबाने शब्द वेगळे आहेत: त्रिकोण एकरूप (एकमेकांवर तंतोतंत बसणारे), संख्या समशेष (एकाच संख्येने भागल्यावर सारखी बाकी उरणाऱ्या). भूमितीत आकृती कुठे आहे आणि कशी वळली आहे हे सोडून द्यायचं असतं, तर अंकगणितात मापांकाच्या, म्हणजे ज्या संख्येने भागतो तिच्या, पटी. कुठे काय सोडायचं हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

टेबलावर कोरे कागद, टोकदार पेन्सिल, पट्टी, कोनमापक, कंपास आणि बटर पेपरचा एक तुकडा हवा. कंपासची बिजागरी सैल असेल तर आधी घट्ट करा, नाहीतर कंस ओढता ओढता त्रिज्या बदलते आणि दोष प्रमेयावर जातो. बटर पेपरवर त्रिकोण गिरवून दुसऱ्यावर ठेवला आणि जुळला नाही, तर कागद उलटा करून पाहा. आरशातली प्रतिमाही एकरूपच असते. नुसतं सरकवून, फिरवून पाहणारे इथे हमखास फसतात.

बाकोबा, कोबाको, कोकोबा, बाबाबा आणि कर्णभुजा या एकरूपतेच्या कसोट्या पाठ असतीलच (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन). कोकोको का नाही हे पटकन कळतं, तो फक्त समरूपतेपर्यंत, म्हणजे आकार सारखा पण मापं वेगळी असू शकतात इथपर्यंत, नेतो. वेळ द्यायचा तो ‘बाबाको’ला, म्हणजे कोन दोन बाजूंमधला नसतो तेव्हा. अ शी ३०° चा कोन काढा, एका किरणावर अब = ८ सेमी घ्या आणि ब केंद्र धरून ५ सेमी त्रिज्येचा कंस मारा. दुसऱ्या किरणाला तो अ पासून सुमारे ३.९ आणि ९.९ सेमीवर, असा दोनदा छेदतो. माहिती तीच, त्रिकोण दोन. त्रिज्या ४ केली की कंस किरणाला जेमतेम स्पर्श करतो आणि काटकोन होतो. ३ केली तर पोहोचतच नाही. ८ किंवा जास्त घेतली तर एकच त्रिकोण उरतो. ही आकृती हाताने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिवाय एकास एक संगती क्रमाने लिहायची सवय हवी: अबक ↔ पतर लिहिलं की ब चा जोडीदार त. क्रम चुकला तर सिद्धता बरोबर असूनही निष्कर्ष भलत्याच बाजूंना लागतो.

समशेषतेसाठी ≡ हे चिन्ह जर्मन गणिती गाउसने १८०१ साली छापलेल्या ग्रंथात वापरलं. व्याख्या वजाबाकीतूनच धरा: २९ ≡ ५ (मापांक १२), कारण २९ − ५ = २४ ला १२ ने भाग जातो. मग ऋण संख्या अडत नाहीत. −७ ≡ ५. संगणकावर पडताळणार असाल तर −७ ला १२ ने भागल्यावर पायथॉन ही संगणकभाषा बाकी ५ देते, सी ही भाषा −७ देते. दोन्ही समशेषच आहेत, गोंधळू नका.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार बिनधास्त करा. काटाकाटी करताना थांबा. १२ ≡ ४२ (मापांक १०) खरं आहे, पण दोन्हीकडचा ६ काढला तर २ ≡ ७ उरतं, जे खोटं आहे. ६ आणि १० चा मसावि २ असल्याने मापांकही २ ने भागावा लागतो. मापांक ५ घेतला की २ ≡ ७ जमतं. घातांकाचंही तसंच. २ च्या १०० व्या घाताला ७ ने भागताना १०० चीच ७ ने बाकी काढली तर उत्तर ४ येतं, आणि ते चूक आहे. २ चा घन ८, त्याची बाकी १; म्हणून घातांक ३ ने तोडायचा, १०० = ९९ + १, उत्तर २.

सरावाला कॅलेंडर घ्या. १ मे १९६० रविवार होता. ३६५ ≡ १ (मापांक ७), म्हणून दर वर्षी वार एकने पुढे सरकतो. १ मे २०१० पर्यंत ५० वर्षं, म्हणजे वाराला ५० चा पुढावा, शिवाय लीप दिवस १२. एकूण ६२ ≡ ६ (मापांक ७), म्हणून शनिवार. १९६० चा २९ फेब्रुवारी आधीच होऊन गेलेला होता. तो मोजलात तर ६३ होतात आणि उत्तर रविवार येतं.