पावसाळ्यात धिंगरीची खोली: हवा खेळती कशी ठेवायची, वास कसा आवरायचा

पावसाची झड लागली की धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेणाऱ्यांचे फोन सुरू होतात. तक्रारी दोनच असतात. एक म्हणजे, "देठ वीतभर लांबलेत आणि छत्री शर्टाच्या गुंडीएवढीच राहिलीय." दुसरी, "खोलीत वास मारतोय, वरच्या मजल्यावरचे कुरकुर करतायत." पहिली तक्रार शेतातल्या शेडवरून येते, दुसरी बहुधा गावठाणातल्या नाहीतर शहरातल्या रिकाम्या खोलीत प्लास्टिकचा तंबू ठोकून पीक घेणाऱ्यांकडून. दुखणं मात्र दोघांचं एकच. पाऊस आत येऊ नये म्हणून सगळीकडून ताडपत्री ओढून घेतलेली असते आणि आत हवा कोंडलेली असते.

माझ्याही शेडमध्ये पहिल्या पावसाळ्यात हेच झालं. सलग तीन दिवस झड होती, म्हणून चारही बाजू बंद करून टाकल्या. चौथ्या दिवशी सकाळी ताडपत्री सारली तेव्हा ऐंशी बेडांवर, म्हणजे पेंढा आणि बियाणं भरलेल्या पिशव्यांवर, तुतारीच्या आकाराची, पोकळ, फिकट धिंगरी उभी होती. तो सगळा माल गांडूळखतात गेला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मी पाण्यापेक्षा हवेकडे जास्त लक्ष देतो, आणि तुम्हीही द्यावं असं मनापासून वाटतं.

हे असं का होतं, ते आधी नीट समजून घ्या. अळिंबी ही बुरशी आहे. झाड कार्बन डायऑक्साइड घेतं, बुरशी आपल्यासारखी तो बाहेर सोडते. बियाणं पसरण्याच्या १५ ते २० दिवसांत, म्हणजे पेंढ्यावर पांढरं जाळं धरत असताना, या कोंडलेल्या हवेचा तिला त्रास नसतो. उलट त्या काळात खोली बंद आणि अंधारी असलेलीच बरी. पण पिशवी फाडून बेड उघडा केला की सगळं उलटं होतं. आता तिला ताजी हवा हवी, थोडा उजेड हवा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतं. काढणीच्या खोलीत ते हजाराच्या आत राहायला हवं. ते वाढलं की धिंगरी ताज्या हवेच्या शोधात देठ लांबवत जाते आणि छत्री उघडतच नाही. त्यासाठी मीटर विकत घ्यायलाच हवा असं नाही. देठ छत्रीच्या मानाने लांब दिसायला लागला की हवा कमी पडतेय हे ओळखा आणि त्याच दिवशी दुरुस्ती करा. पुढच्या कळ्या सुधारलेल्या दिसतात.

बियाणं पसरण्याच्या खोलीत पंख्यावर पैसे घालू नका. तिथे काळजी घ्यायची ती उबेची. बेडच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी जास्त असतं. बेड एकमेकांना चिकटवून रचले तर मधले बेड आतून तापतात, आणि आंबूस वासाची सुरुवात तिथेच होते. दोन बेडांत वीतभर अंतर ठेवा. एखाद्या बेडमध्ये स्वयंपाकघरातला काटा असलेला थर्मामीटर खुपसून बघा. आत ३० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका.

आता काढणीची खोली. समजा ती १० बाय १२ फूट आहे आणि उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर हवा. ही हवा तासाला चार ते सहा वेळा बदलली तर धिंगरी छान येते. घराच्या न्हाणीघरात बसवतात तो ६ इंची एक्झॉस्ट पंखा तासाला साधारण २५० घनमीटर हवा ओढतो, तसं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. त्याला जाळी लावली, पाइपाला एखादं वळण दिलं की प्रत्यक्षात दोन तृतीयांशच धरा. तरीही तासाला पाच वेळा हवा बदलते. म्हणजे या खोलीला एवढा एकच पंखा पुरे. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने तो जवळजवळ सतत चालला तरी कळ्या सुकत नाहीत. हिवाळ्यात मात्र टायमर लावून थांबवत थांबवत चालवा. हौसेने १२ इंची पंखा बसवणारे खूप भेटतात. तो दोन मिनिटांत खोली उपसतो, कळ्यांची टोकं तपकिरी होऊन वाळतात, मग माणूस दिवसभर फवारणी करत बसतो. त्या पाण्याने पुढचे रोग येतात.

पंखा कुठे बसवायचा? कार्बन डायऑक्साइड जड, म्हणून तो खाली साचतो आणि पंखा जमिनीलगत हवा, असं बरेच जण सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. बेडांच्या उबेने हवा सारखी वर चढत असते आणि सगळं मिसळलेलं असतं. म्हणून हवा आत घ्यायची खालून, जमिनीपासून फूटभर उंचीवर, आणि बाहेर काढायची समोरच्या भिंतीतून, वरून. खालची गार हवा बेडांमधून वर चढत जाते, मधे कोपरा मेलेला राहत नाही. बेड आणायच्या आधी रिकाम्या खोलीत पंखा लावा, हातात एक अगरबत्ती घेऊन चारही कोपऱ्यांत, वर-खाली दोन-दोन मिनिटं उभे राहा आणि धूर बघा. जिथे धूर सरळ वर जाऊन घुटमळतो, तिथली हवा हलत नाही. तिथे बेड टांगू नका, किंवा तिथे आणखी एक झरोका पाडा. पाव तासाचं हे काम पुढचे दोन महिने वाचवतं.

हवा आत येण्याची वाट पंख्याच्या तोंडाच्या निदान दुप्पट मोठी हवी. प्लास्टिकच्या तंबूत हे लगेच कळतं. पंखा लावला की तंबूच्या भिंती किंचित आत ओढल्या जायला हव्यात. पोट खपाटीला गेल्यासारख्या आत गेल्या, तर आत येणारी वाट अपुरी आहे. आणि जर बाहेर फुगल्या, तर पंखा उलटा बसलाय किंवा तुम्ही हवा आत ढकलताय. ही किंचित आत ओढलेली अवस्था वासासाठीही फार महत्त्वाची आहे. कारण मग तंबूतली हवा फटींतून घरात पसरत नाही. जी बाहेर जाते ती पंख्याच्या पाइपातूनच, आणि पाइपाचं तोंड कुठे काढायचं ते तुमच्या हातात असतं. ते शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब, छपराच्या वर काढा.

नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. ताडपत्री लावायचीच तर पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची बाजू बंद करा. पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे झरोके पत्र्याचं छप्पर पुढे काढून उघडे ठेवा. झरोक्याच्या जवळ गोठा, उकिरडा किंवा सांडपाण्याचं डबकं नको. तिथून माश्या आणि घाण वास दोन्ही आत येतात. झरोक्याला बारीक नायलॉन जाळी लावा, पण ती सपाट ताणून न लावता पेटीसारखी बाहेर काढून लावा, म्हणजे जाळीचं क्षेत्र वाढतं आणि हवा अडत नाही. पंख्याच्या आतल्या जाळीवर आणि पात्यांवर धिंगरीच्या बीजाणूंची पिठासारखी पांढरट भुकटी बसते. बोट फिरवलं की बोटाला लागते. दर आठवड्याला ती ओल्या फडक्याने पुसली नाही तर पंखा फिरत राहतो आणि हवा मात्र हलत नाही.

उन्हाळ्यात भिंतींना लावलेली गोणपाटं पावसाळा सुरू होताच काढून टाका. ती भिजून कुजतात आणि कुबट वासाचं मूळ पुष्कळदा तेच असतं. तंबूचं छत सपाट ठेवू नका. त्यावर घाम धरतो आणि थेंब बेडांवर पडतात. एका बाजूला उतार दिला की थेंब भिंतीवरून ओघळून खाली जातात. पाण्याचंही तसंच. पावसाळ्यात बाहेर आर्द्रता ८५ ते ९० टक्के असेल तर छत्रीवर पाणी मारूच नका, जमीन ओली केली तरी भागतं. पाणी मारलंच, तर छत्रीवरची चकाकी दोन तासांत जायला हवी. रात्रभर छत्री ओली राहिली की तिच्यावर जिवाणूंचे पिवळे डाग पडतात आणि चिकट होऊन ती वास मारू लागते.

वासाचं मूळ शोधा

चांगल्या बेडला वास असतो, पण तो ताज्या अळिंबीचा, सौम्य आणि हवासा. नाकाला बोचतो तो वास कुठल्या तरी चुकीची खूण असते. म्हणून तो झाकायच्या आधी एकेका बेडच्या भोकाशी नाक नेऊन हुंगा. ताकासारखा आंबूस वास आला तर पेंढा जास्त ओला भरला गेलाय. पिशवीच्या तळाशी पिवळसर पाणी साचलेलं दिसेल. खाली दोन भोकं पाडून ते निथळू द्या. गटारासारखा वास असेल तर आतला भाग हवेवाचून सडलाय, तो बेड वाचत नाही. आणि डोळ्यांना झोंबणारा, गोठ्यातल्या मुतासारखा वास म्हणजे अमोनिया. पेंढ्यात कोंडा, पेंड किंवा सरकी जास्त झाली की तो येतो, मागोमाग काळ्या शाईसारख्या विरघळणाऱ्या रानटी छत्र्याही उगवतात.

या सगळ्याचा बंदोबस्त भरतानाच होतो. शेतकऱ्याला वाफसा, म्हणजे ओल असावी पण चिखल नसावा, हे शिकवावं लागत नाही, आणि पेंढ्यालाही वाफसाच लागतो. गरम पाण्यातून काढलेला पेंढा मुठीत घट्ट पिळा. हात ओला झाला पाहिजे, पण थेंब पडता कामा नये. थेंब पडला तर आणखी तासभर तिरक्या फळीवर निथळू द्या. पावसाळ्यात हवेत वाळवण्याची ताकदच नसते, म्हणून इतर वेळी दोन तासांत होणारं काम चार तास घेतं. इथे घाई करणाऱ्यांचे बेड आंबतात, असं मी दरवर्षी बघतो.

हिरवी बुरशी आलेला बेड खोलीत उघडू नका, झटकू नका. ओल्या फडक्याने झाकून पिशवीत घाला आणि बाहेर न्या. काढणी करताना देठाचे तुकडे बेडवर ठेवू नका. ते दोन दिवसांत सडतात आणि माश्या त्यांच्यावरच अंडी घालतात. पिवळे चिकट सापळे दिव्याजवळ टांगा. पेंढा भिजवलेलं तपकिरी पाणी दुसऱ्याच दिवशी दुर्गंधी सोडतं. ते दारातल्या गटारात न ओतता झाडांच्या आळ्यात किंवा खतखड्ड्यात जिरवा. गावातल्या तंबूबद्दलच्या तक्रारी मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक या पाण्याच्या निघाल्या, अळिंबीच्या नाही.

आता तंबूबरोबर विकल्या जाणाऱ्या कोळशाच्या फिल्टरबद्दल. पत्र्याच्या नळकांड्यात नारळाच्या करवंटीपासून बनवलेला सक्रिय कोळसा भरलेला असतो आणि पंखा त्यातून हवा ओढतो. घरातल्या तुळस, पुदिना, पालेभाज्यांच्या तंबूला तो चांगला चालतो. धिंगरीच्या खोलीत मात्र त्यावर पैसे घालण्याआधी विचार करा. हवेतली आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या वर गेली की कोळशाची सूक्ष्म छिद्रं पाण्यानेच भरू लागतात आणि वास धरायला जागा उरत नाही. आपली खोली तर ८५ च्या खाली येतच नाही. शिवाय बीजाणूंच्या भुकटीने तो काही दिवसांत गच्च होतो. कार्बन डायऑक्साइड तर तो अडवतच नाही. चुलीतला साधा कोळसा टांगून ठेवण्याचाही उपयोग नाही, तो सक्रिय कोळसा नव्हे. अगदी लावायचाच असेल तर पंख्याच्या आधी कापडी गाळणी लावा आणि फिल्टर तंबूबाहेर, कोरड्या खोलीत बसवा.

ओझोन सोडणारी यंत्रं माणूस वावरतो त्या खोलीत नकोतच, ओझोन फुप्फुसांना इजा करतो. फिनेल, डांबराच्या गोळ्या, उग्र धूप यांनी वास झाकू नका. धिंगरी तो वास धरते आणि ताटात तो लागतो. जमिनीवर चुन्याची भुकटी आणि दाराशी चुन्याच्या पाण्यात भिजवलेलं पायपुसणं एवढं ठेवलं तरी कुबटपणा पुष्कळ आटोक्यात राहतो.

हवेचा आणखी एक हिशोब आहे, तो आपल्या छातीचा. पिकलेली धिंगरी लाखो बीजाणू सोडते. सकाळी बंद खोलीत उजेडाचा कवडसा पडला की ते धुरासारखे तरंगताना दिसतात. बंद खोलीत रोज काम करणाऱ्यांना या बीजाणूंमुळे खोकला, ताप, धाप असा त्रास होऊ शकतो, आणि तरीही काम रेटलं तर फुप्फुसांचं कायमचं दुखणं जडू शकतं. आपल्याकडे हे काम बहुतांशी घरातल्या बायका आणि बचत गटाच्या महिला करतात. त्यांना मास्कशिवाय आत पाठवू नका, आणि साधा कापडी नको, एन-९५ आणा. आत जाण्याआधी पंधरा मिनिटं पंखा आणि दार दोन्ही उघडं ठेवा. छत्रीची कड आत वळलेली असतानाच काढणी केली तर बीजाणू मुळातच कमी सुटतात आणि माल टिकतोही जास्त. संध्याकाळी ताप आणि खोकला येऊन सकाळी बरं वाटत असेल, तर डॉक्टरांना अळिंबीच्या खोलीत काम करतो हे आवर्जून सांगा.

ओल्या खोलीत विजेची वायर जोडलेली नसावी, सलग असावी. स्विच बाहेर हवा आणि लाइनवर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला हवा. झडीत वीज दोन-दोन दिवस जाते, म्हणून खालचे-वरचे झरोके पंख्याशिवायही हवा खेळती राहील एवढे मोठे ठेवा.

बेडचे तीन बहर झाले की ते शेडच्या मागे रचून ठेवायचा मोह होतो. तो टाळा. जुने बेड माश्यांचं आणि हिरव्या बुरशीचं घर होतात, आणि पंख्याने ओढलेल्या हवेबरोबर ते सगळं नव्या बेडांवर परत येतं. त्याच दिवशी प्लास्टिक वेगळं काढून पेंढा गांडूळखताच्या वाफ्यावर न्या, निदान शंभर फूट लांब. खोली रिकामी झाली की चुना मारून, झरोके सताड उघडे टाकून तीन-चार दिवस कोरडी पडू द्या आणि मगच पुढचे बेड टांगा.