नवी पिल्ले येण्याआधी पाण्याच्या लाइनची तयारी

कोंबड्यांची शेड रिकामी झाल्यावरची झाडलोट, धुलाई, चुना आणि भाताचे तूस यांविषयी सांगण्याची गरज नाही. येथे विचार पाण्याच्या लाइनचा आहे, आणि त्यातही विहिरीजवळच्या टाकीपासून शेडपर्यंत येणाऱ्या पाइपचा. मागच्या बॅचला नेमका तोच राहून गेला आणि पिल्ले आल्यावर त्यातला बुळबुळीत थर सुटून स्वच्छ धुतलेल्या निपलांत (चोचीने दाबल्यावर पाणी सोडणाऱ्या तोट्यांत) येऊन बसला.

जिवाणू स्वतःभोवती चिकट थर विणतात आणि त्याच्या आत ई. कोलाय, स्यूडोमोनास, साल्मोनेला सुखाने राहतात. वाहत्या पाण्यातले क्लोरीन वरचे जिवाणू मारते, आतल्यांपर्यंत पोहोचत नाही. जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असेल तर तांबूस गाळ या थराला आधार देतो, गुळाचे पाणी आणि व्हिटॅमिने त्याला खाद्य पुरवतात आणि पहिल्या आठवड्यात ३२-३३ अंशांच्या उबेत, पिल्ले घोटभरच पीत असताना, पाणी लाइनमध्ये जवळजवळ उभेच राहते.

टाकी रिकामी करून घासावी, झाकण बसवावे, फिल्टर काढून धुवावा. हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण (३५ ते ५० टक्के तीव्रतेचे औषध १०० लिटर पाण्यात ३ लिटर) विहिरीजवळच्या मुख्य टाकीतच करावे. शेडमधल्या औषधाच्या लहान टाकीत केलेले द्रावण निपलांपर्यंत जाते, मागच्या पाइपमध्ये कधीच शिरत नाही. सगळी चूक इथेच होते. एक इंची पाइपच्या दर शंभर फुटांत सुमारे १५ लिटर पाणी मावते, तेवढे जास्तीचे द्रावण धरावे. जमिनीत पुरलेला असो वा कुंपणाकडेने नेलेला असो, तो पाइप भरलाच पाहिजे. प्रत्येक लाइनच्या टोकाची बूच उघडून फेस येईपर्यंत सोडावे, मग बंद करून किमान २४ तास ठेवावे. लाइन जुनी असेल तर अधिक. हातमोजे आणि चष्मा घालावा. क्लोरीन, आम्ल आणि पेरॉक्साइड एकमेकांत मिसळू नयेत; आम्ल आणि क्लोरीन एकत्र आल्यास विषारी वायू सुटतो.

सुटलेला थर बाहेर काढण्यासाठी दीड ते तीन बार दाब लागतो. टाकी दहा मीटर उंचावर असली तरी एकच बार मिळतो, म्हणून पंप लावावा, आणि वीज जाण्याची वेळ टाळून लावावा. रेग्युलेटर (लाइनचा दाब कमी ठेवणारे यंत्र) फ्लशवर, म्हणजे पूर्ण दाबाने धुण्याच्या स्थितीत, ठेवून आधी टाकी-शेडमधला पाइप शेडच्या तोंडाशी सोडवून बाहेरच वाहू द्यावा, नंतर निपलांच्या लाइन धुवाव्यात. उलट क्रमाने केल्यास पाइपमधली घाण धुतलेल्या लाइनमध्ये ढकलली जाते. तो पाइप आधी, हे पुन्हा सांगतो.

निपल एकेक दाबून पाहावा. पुढे पिल्ले आल्यावर शेवटच्या निपलाशी मुक्त क्लोरीन २ ते ४ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि सामू (पीएच) ७ च्या खाली ठेवावा. टाकीशी मोजून उपयोग नाही. पाण्यातून जिवंत लस देण्याच्या आधी क्लोरीन बंद करावे.