पदवी तीन वर्षांची, अर्ज इरास्मस मुंडसचा

युरोपात मास्टर्स करण्यासाठीच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीबद्दल विचारणारे बहुतेक जण पहिला प्रश्न टक्क्यांचा करतात. साठ टक्के आहेत, चालतील का? सीजीपीए आठच्या खाली आहे, अर्ज करू का? निवड करणारे टक्के बघतात, त्यांना गुणही देतात. पण माझ्या वर्गात सुवर्णपदकवाले होते तसे मधल्या फळीतलेही होते. मी स्वतः सोलापुरातून भूशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि नंतर पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत विहिरींच्या पातळ्या मोजत होते. तिथून भूजलाच्या मास्टर्सला गेले. लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन अशा तीन शहरांत विभागलेला तो कोर्स होता. मुंबई-पुण्यातल्या मुलांना हे सगळं कुठून ना कुठून कळतंच. हे लिहितेय ते सोलापूर, लातूर, जळगावकडच्या, साध्या कॉलेजातून पदवी घेणाऱ्या मुलामुलींसाठी.

आधी योजना काय आहे ते. युरोपियन युनियनने २००४ साली हा कार्यक्रम सुरू केला. किमान तीन देशांतली तीन विद्यापीठं एकत्र येऊन एक मास्टर्स कोर्स चालवतात, या गटाला कन्सॉर्शियम म्हणतात. विद्यार्थ्याला किमान दोन देशांत शिकावं लागतं. शिष्यवृत्ती मिळाली तर फी पूर्ण माफ, विमा त्यांचा, आणि खर्चासाठी दरमहा १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. २०२१ च्या आधी महिन्याला १००० युरो आणि प्रवासाचे पैसे वेगळे मिळायचे. आता विमानाचं तिकीट, व्हिसा, घराचं डिपॉझिट, सगळं त्या १४०० तच बसवायचं. वयाची अट नाही. शेवटच्या वर्षाला असलात तरी बहुतेक कोर्सेसना अर्ज चालतो, कोर्स सुरू व्हायच्या आत पदवी हातात पडेल एवढं दाखवावं लागतं.

नुकत्याच पदवीधर झालेल्यांना मी आधी हाच रस्ता सांगते, कारण बाकीची मोठी दारं त्यांना अजून उघडत नाहीत. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेत शिकायला पाठवणाऱ्या फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षांचा, शिवाय अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीशी बरोबरी दाखवावी लागते. जर्मनीच्या डाड (DAAD) या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांनाही साधारण दोन वर्षं नोकरी झालेली हवी. आपली तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अनेक ठिकाणी 'एक वर्ष कमी' म्हणून अडते. युरोपात मात्र कित्येक देशांत पदवीच तीन वर्षांची, म्हणजे १८० क्रेडिट्सची असते. त्यामुळे इरास्मस मुंडसमध्ये ही अडचण सहसा येत नाही. एखादा कोर्स जास्त क्रेडिट्स मागतो, तेवढं त्याच्या पात्रतेच्या पानावर वाचून घ्या. 'सोळा वर्षांचं शिक्षण नाही म्हणून परदेश बंद' असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

परत येण्याची सक्तीही इथे नाही. चेव्हनिंगवाल्यांना दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. अशा करारांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची या करारावर. त्या नोकरीत बडोद्यात राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. करारावर सही करताना त्यात काय काय लिहिलंय ते वाचावं, हे मात्र शाळेत कुणी शिकवत नाही.

आता निकाल खरा कुठे ठरतो ते. एका देशाच्या विद्यार्थ्यांना एकूण शिष्यवृत्त्यांपैकी दहा टक्क्यांहून जास्त देऊ नयेत असा या योजनेचा नियम आहे. म्हणजे तुमची स्पर्धा ब्राझीलच्या किंवा इथिओपियाच्या मुलाशी जेवढी, त्याहून जास्त दुसऱ्या भारतीयाशी. एका तुकडीत वीस शिष्यवृत्त्या असतील तर भारताच्या वाट्याला दोनच्या आसपास येतात. डेटा सायन्स, आर्टिफिशियल इंटेलिजन्स, रोबोटिक्स अशा कोर्सेसना भारतातून अर्जांचा पूर येतो आणि त्यात आयआयटीवाले असतात. भूजल, पुरातत्त्वातल्या वस्तूंचं रसायनशास्त्र, वनव्यवस्थापन, पिकांचे रोग, वस्त्रोद्योग अशा विषयांत गर्दी कमी. इचलकरंजीच्या मुलाला टेक्स्टाइल इंजिनिअरिंगमध्ये असलेली समज दिल्लीच्या हुशार मुलाकडे नसेल. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने असा एक कोर्स चालत आला आहे, आणि तो इचलकरंजीत बसून शोधणारे फार थोडे.

कॅटलॉग युरोपियन युनियनच्या संकेतस्थळावर आहे, शंभरावर कोर्सेस आहेत. तो शांतपणे चाळा, नाव आकर्षक वाटलं म्हणून थांबू नका. एक गोष्ट मात्र कोर्सच्या स्वतःच्या पानावर जाऊन बघायची: यंदाच्या प्रवेशाला शिष्यवृत्त्या आहेत का? कन्सॉर्शियमला पैसे ठरावीक तुकड्यांपुरते मिळतात. ते संपले की कोर्स चालू राहतो, प्रवेशही मिळतो, पण फी आपली आपण भरायची. ते प्रवेशपत्र बघून घरात पेढे वाटायच्या आधी शिष्यवृत्तीचा उल्लेख त्यात आहे का ते वाचा.

पूर्वी एका वर्षी तीनच कोर्सेसना अर्ज करता यायचा. ती मर्यादा आता गेली, त्यामुळे लोक दहा-बारा ठिकाणी एकच पत्र नाव बदलून पाठवतात. निवड करणाऱ्यांना ते पहिल्या परिच्छेदात कळतं. माझं मत विचाराल तर तीन किंवा चार, आणि प्रत्येकासाठी वेगळं पत्र.

हे पत्र, ज्याला मोटिव्हेशन लेटर म्हणतात, त्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ज्युनिअर मुलं मला मसुदे पाठवतात. त्यातले निम्मे 'लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती' असे सुरू होतात आणि उरलेले अब्दुल कलामांच्या वाक्याने. दोन्ही खोडून टाका. पत्रात तीन गोष्टी दिसायला हव्यात: तुम्ही हाताने काय केलंत, ते करताना कुठे अडलात, आणि या कोर्सच्या कोणत्या सत्रातला कोणता विषय ती अडचण सोडवतो. आमच्याकडे दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एक मार्चमध्ये कोरडी पडते आणि दुसरीला मेपर्यंत पाणी असतं. का, ते शेतकरी आपल्या अनुभवाने सांगतो आणि बऱ्याचदा बरोबर सांगतो. खडकातल्या भेगा, वरचा मुरूम किती जाड, दोन थरांमधली लाल माती, असं सगळं त्यात असतं. मी पावसाळ्याआधी आणि नंतर पातळ्या मोजत होते, नकाशे काढत होते. पण भेगांतून पाणी कसं वाहतं याचं गणिती प्रतिमान मला बांधता येत नव्हतं. डेल्फ्टच्या सत्रात भूजलाचं मॉडेलिंग होतं. पत्राचा गाभा एवढाच. त्यात हवामानबदल, जागतिक संकट, मानवजातीचं भवितव्य यातलं काही नव्हतं.

तुमच्याकडे 'हाताने केलेलं' काही नाही असं वाटत असेल तर नीट आठवा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, एनएसएसच्या शिबिरात केलेलं सर्वेक्षण, काकांच्या दुकानाचा ठेवलेला हिशेब, गावच्या ग्रामपंचायतीत बसून माहिती अधिकाराखाली काढलेले कागद. विषयाशी जोडता आलं तर हे सगळं चालतं. जोडता आलं नाही तर मोठ्या कंपनीतली इंटर्नशिपही चालत नाही.

शिफारसपत्रं दोन लागतात. आपल्याकडे पद्धत अशी की सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' एकाच हाताने लिहिलेली दोन पत्रं ओळखू येतात. त्यापेक्षा सरांना एका पानावर मुद्दे लिहून द्या: कोणता प्रोजेक्ट, काय अडचण आली, वर्गात तुम्ही काय विचारलं होतं. त्यावरून ते दोन परिच्छेद लिहितात, आणि मोडक्या इंग्रजीत लिहिलेले असले तरी ते खरे वाटतात. प्राचार्यांचं पत्र घेण्याचा मोह टाळा. तुम्हाला ओळखणारे कंत्राटी लेक्चरर, ओळखत नसलेल्या प्राचार्यांपेक्षा जास्त उपयोगाचे. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: काही ठिकाणी शिफारस थेट शिक्षकांच्या ईमेलवर लिंक पाठवून मागवतात आणि संस्थेचाच ईमेल पत्ता हवा असतो. आपले बरेच शिक्षक जीमेल वापरतात. कॉलेजचा पत्ता चालू आहे का, तो उघडता येतो का, हे दिवाळीच्या सुट्टीआधी बघून घ्या. सुट्टीत कॉलेजात कुणी सापडत नाही.

नावाचा घोळ हा तर खास आपला. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर उलटा क्रम. पदवीच्या कागदावर 'सुनीता' चं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. लग्न झालेल्या मुलींचं तर आडनावच बदललेलं. अर्जाला हे फार अडत नाही, व्हिसाला आणि नावनोंदणीला अडतं. पासपोर्ट अजून काढला नसेल तर मार्कशीटशी जुळणारं स्पेलिंग ठेवा. काढला असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, आणि मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून आधी सांगितलं.

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायलाही असाच वेळ जातो. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे, तो सगळ्या सत्रांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा विद्यापीठाचा अधिकृत कागद. परीक्षा विभागात अर्ज, फी, आणि पाठपुरावा. इंग्रजीसाठी आयईएलटीएस या परीक्षेत बहुतेक ठिकाणी ६.५ मागतात. फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे आणि निकाल दोन वर्षं चालतो, तेव्हा आधी पत्राचा कच्चा मसुदा लिहून बघा, मगच तारीख घ्या. काही कोर्सेस 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी' असं कॉलेजचं पत्रही मान्य करतात. ते फुकट मिळतं, आधी विचारा.

अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला उघडतात आणि बरेचसे जानेवारीत बंद होतात. निकाल मार्च-एप्रिलमध्ये. तीनपैकी एक उत्तर येतं: निवड, नकार, किंवा रिझर्व्ह लिस्ट, म्हणजे प्रतीक्षा यादी. रिझर्व्हला आलात तर धीर सोडू नका, कारण वरच्यांना दुसरीकडेही मिळालेली असते आणि ते जागा सोडतात. माझ्या तुकडीतली एक मुलगी जूनमध्ये वर सरकली. मात्र तोवर पासपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट तयार ठेवा, कारण जूनमध्ये मिळालं तर व्हिसाला दिवस थोडे उरतात.

पैशांचं बोलू. १४०० युरो म्हणजे रुपयांत सव्वा लाखाच्या वर, हे ऐकून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण माझा पहिला हप्ता तिथे पोचून बँक खातं उघडल्यावर आला. त्याआधी तिकीट, व्हिसाची फी, खोलीचं पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट हे सगळं खिशातून. दीड-दोन लाखांची सोय हवी. सोनं गहाण ठेवून किंवा नातेवाइकांकडून, जे काही असेल ते, पण ही गोष्ट घरात एप्रिलमध्येच बोलून घ्या, ऑगस्टमध्ये नको. नंतर मात्र पैसे पुरतात. लिस्बनला खोलीचे पाचशेच्या आसपास जायचे, ड्रेस्डेनच्या विद्यार्थी वसतिगृहात त्याहून बरेच कमी. डाळ-तांदूळ सगळीकडे मिळतो. ज्वारीचं पीठ मिळत नाही.

प्रत्येक देशाचा एक कागद असतो ज्याच्यावाचून पान हलत नाही. पोर्तुगालमध्ये निफ नावाचा कर क्रमांक, तो नसेल तर बँक आणि घर दोन्ही अडतं. नेदरलँड्समध्ये बीएसएन हा नागरिक क्रमांक, जर्मनीत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग. नेदरलँड्सचा राहण्याचा परवाना विद्यापीठच काढून देतं. जर्मनीसाठी इतरांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे पैसे अडकवावे लागतात, तिथे आपलं शिष्यवृत्तीचं पत्रच पुरावा म्हणून चालतं. जन्मदाखला इंग्रजीत काढून त्याला अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या, कोणत्या देशात मागतील सांगता येत नाही. पहिलं सत्र इटलीत असेल तर पदवीच्या मूल्यांकनाचा वेगळा कागद लागू शकतो, निवडपत्र आलं की कोर्सच्या समन्वयकाला लगेच विचारा.

आणि समन्वयकाला ईमेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर, मी एका शेतकरी कुटुंबातून आलो असून' अशी सुरुवात नको. प्रश्न पहिल्याच ओळीत लिहा, सोबत अर्ज क्रमांक द्या. उत्तर दोन-चार दिवसांत येतं.